प्रकरण चौदा : पाळण्याला काय जुंपायचं?

लग्न ठरायच्या आत बाळंतविडा शिवायला टाकणारी माणसं जगात कमी असतात. औटींच्या घरात मात्र दर पिढीला एक निघतोच.

पहिले आबा. छगन औटी ऐन तारुण्यात बैलजोडी बदलायला म्हणून जत्रेला गेले आणि होती ती जोडी देऊन बारा बैठकांचा रहाटपाळणा घेऊन आले. म्हणजे आले ते एकटे आबाच. पाळणा जत्रेतच राहिला, कारण तो ओढून आणायला लागणारे बैल त्याच्याच बदल्यात गेले होते. आता त्यांच्या धाकट्या मुलानं, अमृतनं, हीच परंपरा पुढं नेली होती. जुना ट्रक दिवाळीत भंगारात गेला. त्यातून पाळण्याचं लोखंड दोन खेपांत जायचं. अमृतच्या मनानं घेतलं की आता एकाच खेपेत न्यायचं. नगरच्या एमआयडीसीत खेटे घालून त्यानं ट्रॉली करून आणली. लांबीला ग्रामपंचायतीच्या इमारतीएवढी, आठ टायरांची, पुढं मनगटाएवढ्या जाडीची कडी. पोचवणारा ती अंगणात सोडून निघून गेला, तेव्हा थोरल्या भावाची बायको चांगुणा ओसरीवरून म्हणाली होती,

"भाऊजी, ट्रॉली लई झ्याक हाय. पन हिला जुंपायचं काय?"

हा प्रश्न अमृतला पडला नव्हता असं नाही. तो पुढच्या टप्प्याला ठेवला होता, इतकंच.

पुढचा टप्पा आला तो तीन पक्ष घेऊनच. थोरला गोरक्षनाथ ट्रॅक्टरच्या बाजूचा. "ट्रॅक्टर पाळना वडंन, नांगर वडंन, पान्याचा टँकर वडंन. यात्रा चार म्हैनं. बाकीचं आठ म्हैनं तुमची ती गाडी काय ववाळून ठिवायची?" गोरक्षनाथचा मुलगा पार्थ नगरला सावेडीत फ्लॅट घेऊन राहायचा आणि तिथूनच शेतीविषयी मतं पाठवायचा. त्याला चारही चाकं फिरणारी डबल केबिनची पिकअप हवी होती, एसीसकट. आणि शेवगावला दिलेली थोरली बहीण लंकाबाई, जिचा पाळण्यात तिसरा वाटा होता, तिनं कुणालाही न विचारता जावयाकरवी मिलिटरीच्या लिलावातला एक जुना ट्रक शोधून ठेवला होता.

अमृत कुठल्याच पक्षात नव्हता. त्यामुळं तिन्ही पक्ष त्याच्यावर नाराज होते.

काल जेवताना गोरक्षनाथनं भाकरी ताटात ठेवून सांगून टाकलं, "उद्या दिवस मावळायच्या आत एक गाडी ठरली तर ठीक. न्हाई ठरली, तर पाळना मागनाऱ्या कोपरगावच्या पार्टीला मी व्हय म्हनतो. पाळना जाईल, तीन वाटे हुतील, ज्यानं त्यानं आपापल्या वाट्याची गाडी घ्यावी."

लंकाबाईनं ठेचा मागून घेतला.

अमृतचं मात्र गणित जुळेना. जमिनीची वाटणी होते, भांड्यांची होते, आईच्या मंगळसूत्राचीसुद्धा होते. पाळण्याचं तसं नाही. बारा बैठकांचे चार-चार असे तीन वाटे कागदावर झकास पडतात, पण तिसरा हिस्सा पाळणा गोल फिरत नाही. आणि विकला, तर सगळ्यांकडं काही ना काही उरत होतं. दादाकडं शेती, पार्थकडं सावेडी, आक्काकडं शेवगाव. अमृत तरणा होता तेव्हापासून पाळण्याच्या दांड्याशी उभा होता. आधार कार्डावर तो अमृत छगन औटी असेल, पण नगर जिल्ह्यातल्या निम्म्या तालुक्यांत त्याला पाळणेवाले याच नावानं चहा मिळायचा. पाळणा गेला की तो फक्त दोन एकर बाजरीचा मालक उरणार होता; आणि बाजरीचे मालक हिंगणवाडीत दगडागणिक होते.

*

तोडगा आबांनी काढला. सकाळी तिन्ही गाड्या गायरानात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा आबा काठी टेकत गेले, तिन्हींच्या टायरांवर एकेक काठी मारली आणि म्हणाले,

"भैरोबाच्या चढावर ट्रॉली वडून दावा. भरल्याली. जी वडंन ती आपली."

चढ काही साधा नव्हता. यात्रेत बारागाड्या ओढायच्या त्या याच चढावर. बारा बैलगाड्या एकामागं एक बांधायच्या, त्यांत माणसं खच्चून बसवायची आणि कमरेला दोर बांधलेल्या एका माणसानं त्या देवळापर्यंत ओढायच्या. आबांनी त्या तरणेपणी वर्षानुवर्षं ओढल्या होत्या. मागून निम्मा गाव हात लावायचा. पण ते बोलायचं नसतं. भैरोबाला माहीत असतं, ओढणाऱ्याला माहीत असतं आणि हात लावणाऱ्यांना तर असतंच. एवढ्यांना माहीत असल्यावर बोलायचं कुणाशी?

पंच म्हणून सुप्याचे गनीभाई आले. गाड्यांची दुरुस्ती आणि दलाली असे दोन धंदे ते एकाच गॅरेजात चालवत. ट्रॅक्टर, पिकअप आणि ट्रक, तिन्ही सौद्यांत त्यांची दलाली ठरलेली असल्यामुळं त्यांच्याइतका तटस्थ माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

"भरायचं काय?" गनीभाईंनी विचारलं. "पाळणा कुठाय?"

"नगरला, रंगाऱ्याकडं," अमृत म्हणाला.

"मग रिकामी ट्रॉली तर माझी बकरी पण ओढील."

शेवटी गोरक्षनाथच्या कांदाचाळीतल्या गोण्या भरल्या. तरी वजन कमीच. तेव्हा चांगुणा म्हणाली, "मानसं बसवा की. बारागाड्यांत बसत्यात तशी." एव्हाना तमाशा बघायला तिन्हींकडचे सोयरे जमलेच होते. गोरक्षनाथचे दोन मेहुणे, पार्थचे नगरचे दोस्त, लंकाबाईच्या सासरची अंगानं भरलेली शेवगावकर मंडळी. सगळे गोण्यांवर चढून बसले.

अमृतची बायको अश्विनी चहाचे कप गोळा करत त्याच्याजवळ आली. "अहो, ही भरताड बघितली का?"

"का, कमी पडतंय?"

"वजन नाही, माणसं बघा. आक्कांचे चुलतदीर कसे ऐसपैस बसलेत. ट्रॅक्टर ओढणार म्हणून बसलेत. ट्रकची पाळी आली की त्यांचा गुडघा दुखायला लागतोय का नाही बघा."

अमृतनं बघितलं. चुलतदीर पाणी पीत होते. एक तांब्या संपवून त्यांनी दुसरा मागवला. तेवढंच वजन.

*

पहिला मान थोरल्याचा. गोरक्षनाथ ट्रॅक्टरवर बसला, भैरोबाला हात जोडले आणि गिअर टाकला. चाकं मागं आली तर अडवायला चौघं जण दगड घेऊन ट्रॉलीच्या बाजूनं चालू लागले. सपाटीला ट्रॅक्टर नवरदेवासारखा चालला. चढाच्या मध्यावर मात्र मागून वजनानं खेचलं आणि त्याची पुढची दोन्ही चाकं हळूच जमिनीवरून उठली.

"अगं आई!" चांगुणा ओरडली. "त्यो उभा ऱ्हातुय!"

गोरक्षनाथचे दोन्ही मेहुणे ट्रॉलीवरून उड्या मारून धावले आणि बोनेटवर आडवे पडले. दोघंही वजनदार. नाक खाली आलं. ट्रॅक्टर पुन्हा चालू लागला, मेहुण्यांसकट.

"थांबवा!" लंकाबाई पदर खोचून पुढं आली. "गनीभाई, ह्ये चालतंय व्हय? मागचं वजन काडून पुढं ठिवलं! आसं आसंल तर माज्या ट्रकावर मी हत्ती बशिवते."

"आक्का, मेहुणे हे ट्रॅक्टरबरोबर मिळत नाहीत," गनीभाईंनी विचारपूर्वक सांगितलं. "ते वेगळे घ्यावे लागतात. मी लिहून घेतो."

त्यांच्याकडं लिहायला काही नव्हतं. ट्रॅक्टर देवळापाशी पोचला, देवळाला वळसा घालून रुबाबात खाली आला, तोवर खाली दुसऱ्यांदा चहा होऊन गेला होता.

"पप्पा," पार्थ घड्याळाकडं बघत म्हणाला, "या स्पीडनं काजव्यांच्या सीझनला भंडारदऱ्याला निघालो, तर दिवाळीला पोचू."

"पोचू तर खरं," गोरक्षनाथ उतरला. "तुजी ती फुलराणी चढंन का बघ आदी."

पिकअपची पाळी आली, तसं ट्रॉलीवरचं राजकारण बदललं. पार्थचे दोस्त उतरले, 'फोटो काढायचेत' म्हणाले. उलट बोनेटवरचे मेहुणे कपडे झटकून पुन्हा गोण्यांवर चढले आणि येताना शेजारच्या मळ्यातली तीन माणसं घेऊन आले. शेवगावकर तर हललेच नव्हते. हा सगळा मामला अमृत बघत असताना त्याला एक वेगळीच गोष्ट दिसली. चांगुणा वहिनी ट्रॉलीच्या मागच्या बाजूला उभी राहून गडी माणसांकरवी एकेक गोणी खाली घेत होती.

गोरक्षनाथलाही दिसलं. "चांगुने, काय चाललंय?"

"ह्यातला कांदा सडलाय वाटतं. वास येतुय."

"मघाशी ट्रॅक्टरच्या टायमाला न्हाई आला वास?"

"वारं फिरलंय," चांगुणा म्हणाली आणि आणखी एक गोणी उतरवली. नवऱ्याच्या पक्षात राहून मुलाचं काम करणं हे तिला लग्न झाल्यापासून, म्हणजे सासऱ्याच्या पक्षात राहून नवऱ्याचं काम करायची तेव्हापासून, अवगत होतं.

पिकअप सुसाट निघाली आणि मध्यावर थांबली. चाकं जागच्या जागी फिरायला लागली, खडी उडाली, क्लच जळाल्याचा वास गायरानभर पसरला. पार्थनं काच खाली केली. "एक मिनिट! मोड बदलतो!" गाडीत एक गोल बटण होतं. त्यानं ते 'वाळू'वर फिरवलं. काही नाही. 'चिखला'वर फिरवलं. तेही नाही. मग त्यानं 'बर्फ' हा पर्याय निवडला. पारनेर तालुक्यात बर्फ फक्त रसवंतीत बघायला मिळतो. गाडीनंही बहुधा पहिल्यांदाच नाव ऐकलं असावं, कारण ती मागं सरकायला लागली.

"दगड! दगड लावा!"

एक दगड लागला, एक निसटला. ट्रॉली गचका देऊन आणखी वीतभर मागं आली. आणि अमृतनं बघितलं की सगळ्यांच्या आधी धावला तो गोरक्षनाथ. फेटा सुटला, एक चप्पल मागं राहिली. मागच्या फळकुटाला खांदा लावून दादा ओरडत होता, "ब्रेकावरनं पाय काडू नको पारथ्या! मी हाय मागं!"

मग काय, त्या चढावर हात लावायची सवय गावाच्या रक्तातच होती. मेहुणे उतरले, शेवगावकर उतरले, चुलतदीरसुद्धा उतरले. पक्ष बिक्ष विसरून सगळ्यांनी खांदे लावले आणि पिकअप देवळापर्यंत गेली. वरून पार्थनं विजयाचा हॉर्न वाजवला.

"गाडी चढली," गनीभाई घाम पुसत म्हणाले. "पण गाडीनं नाही चढवली."

गोरक्षनाथ चप्पल शोधत होता. "मी हात न्हाई लावला," तो अमृतला म्हणाला, विचारलं नसताना. "टेकलो व्हतो."

*

दुपार कलल्यावर लंकाबाईच्या ट्रकची पाळी आली. हिरवा रंग उडून खाली आणखी एक हिरवा रंग दिसणारा, पुढचं नाक लांब, टायर छातीइतके उंच. चालवायला खुद्द लंकाबाईचे जावई. तिच्या मुलीचा, मोनिकाचा नवरा, पण या घरात त्यांना नाव नव्हतं. जावईबापू.

गोण्या पुन्हा चढल्या. या वेळी चांगुणाच्या नाकाला काहीच वास येत नव्हता. मेहुणे बसले. पार्थचे दोस्त फोटो काढून झाल्यामुळं बसले. चुलतदीर तेवढे कडेला दगडावर टेकले होते.

"बसायचं न्हाई का?" अमृतनं विचारलं.

"गुडघा धरलाय हो सकाळपास्नं."

अश्विनीनं अमृतकडं बघितलं आणि कप विसळायला निघून गेली.

जावईबापूंनी किल्ली फिरवली. ट्रक खाकरला आणि गप्प बसला. पुन्हा फिरवली. आता तो खाकरलाही नाही.

"सेल्फ स्टार्टर गेलाय," गनीभाई म्हणाले. "ते मी आक्कांना आधीच सांगितलं होतं."

"कदी सांगितलं?" लंकाबाई उसळली.

"सौदा झाल्यावर."

ट्रॉलीवरून हशा पिकला. गोरक्षनाथ मांडी ठोकत म्हणाला, "आक्का, ही वडायची गाडी न्हाई, ढकलायची गाडी हाय!" लंकाबाईचा चेहरा पडला. लहानपणी आबांनी पाळण्यात पहिलं तिला बसवलं होतं, आणि शेवगावला दिल्यापासून प्रत्येक यात्रेत ती लांबूनच पाळण्याकडं बघून परत जायची. तिला ट्रक नको होता. पाळण्याला आपलंही काहीतरी लागावं, एवढंच हवं होतं. हे अमृतला ठाऊक होतं. कदाचित दादालाही असावं, कारण हसता हसता तोच उठला. "चला रे, आक्कानं लांबनं आनलीय. ट्रॉली सोडा आन् एक धक्का द्या."

सगळे उतरले. पुन्हा तेच खांदे, तीच माणसं. उताराकडं तोंड करून ट्रक ढकलला, जावईबापूंनी क्लच सोडला, आणि आतून असा आवाज निघाला की देवळावरची पारवी उठली.

पुढं जे झालं त्याला चढणं म्हणता येणार नाही. ट्रॉली पुन्हा जोडून, माणसं चढवून ट्रक निघाला आणि मध्यावर, जिथं ट्रॅक्टर उभा राहिला आणि पिकअपला बर्फ आठवला, तिथं त्याला काही घडतंय याची खबरही नव्हती. लंकाबाई पदरानं डोळे टिपत म्हणाली, "तोफा वडल्यात तिनं. तुमचा कांदा काय घिऊन बसलात."

"कबूल," गनीभाई म्हणाले. हे आज पहिल्यांदाच मनापासून होतं.

तेवढ्यात ट्रक देवळापाशी वळायला गेला.

ट्रॅक्टर आखूड, पिकअप आखूड. ट्रकचं नाक लांब. त्याचा पुढचा भाग चिंचेला टेकला आणि मागची ट्रॉली दीपमाळेच्या अंगावर गेली. आता मागं घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तेव्हा औटी घराण्याच्या ध्यानात आलं की आठवडाभर सगळ्यांनी ओढायची चर्चा केली. मागं घ्यायची कुणी केलीच नाही. जोडलेली ट्रॉली मागं घेताना उजवीकडं न्यायची तर गाडीचं चाक डावीकडं फिरवावं लागतं, एवढं ऐकून सगळ्यांना माहीत होतं. जमत कुणालाच नव्हतं.

जावईबापूंनाही जमत नव्हतं. पण जावयाला चुकलं म्हणायची सोय नव्हती.

"बरोबर चाललंय बापू," गोरक्षनाथ म्हणाला. "निस्तं जरा उलटं करा."

"येऊ द्या, येऊ द्या... छान... आता जेवढं आलात तेवढं परत जा," पार्थ म्हणाला.

"बापू, लई मस्त," मेहुणे म्हणाले. "दीपमाळ वाचली तर आजून मस्त."

लंकाबाई सासू असल्यामुळं तोंडाला पदर लावून उभी होती. जावईबापू घामाघूम होऊन सगळ्यांचं ऐकत होते आणि ट्रॉली दर खेपेला दीपमाळेच्या आणखी जवळ जात होती. शेवटी ट्रक आणि ट्रॉली कात्रीसारखे मिटले, एक गचका बसला आणि इंजिन बंद पडलं.

गोरक्षनाथनं पश्चिमेकडं बघितलं. सूर्य टेकडीला टेकत होता. "अमृत," तो हळू म्हणाला. त्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं अमृत जास्त घाबरला. "दिवस मावळाया आला. त्या पार्टीचा फोन यील आता."

"दादा, ट्रॉली तेवढी मोकळी करू. मग बोल."

"व्हय, तेवढी करू," गोरक्षनाथ म्हणाला. देवळाच्या दारात ट्रॉली अडकवून वाटणी करणं त्यालाही प्रशस्त वाटेना.

गोण्या उतरल्या. कडी सोडली. आणि मग देवळापुढच्या सपाटीवर चाळीस-एक माणसं त्या लोखंडाला झोंबली. मेहुणे आणि जावई एका बाजूला, पार्थ आणि बाप कडीपाशी, शेवगावकर मागं. चुलतदीरांचा गुडघा कुठं गेला ते त्यांनाही कळलं नाही. आबा चिंचेखाली काठी उंच करून उभे होते. "दमानं! एका दमात! आरं, वडू नका नुस्तं, रेटा!"

ऐन रेट्यात गोरक्षनाथच्या खिशातला फोन वाजला.

दोन्ही हात कडीला होते. सोडले तर पार्थच्या पायावर येणार. फोन वाजत राहिला. अमृत दोन माणसं सोडून पलीकडं होता; त्याचा खांदा तिथंच राहिला, पण जोर गेला. चांगुणा पुढं झाली, नवऱ्याच्या खिशातून फोन काढला आणि कानाला लावला.

"हॅलो. व्हय, त्यांचीच मंडळी बोलतीया... ते ट्रॉलीला लागल्यात." जरा वेळ ती ऐकत राहिली. दर यात्रेत गिऱ्हाईक संपलं की चांगुणा वहिनी येऊन म्हणायची, 'भाऊजी, शेवटची फेरी माजी,' आणि रिकाम्या पाळण्यात एकटीच बसून वर जायची. वरून तिला काय दिसायचं हे अमृतनं कधी विचारलं नव्हतं.

"पाळना?" चांगुणा फोनमध्ये म्हणाली. "पाळना कशाला इकू, दादा? आत्ताच तर त्याला ट्रॉली आनलीया." आणि फोन बंद करून तो तिनं स्वतःच्या कमरेला खोचला.

"कुनाचा हुता?" गोरक्षनाथनं दात खाऊन रेटत विचारलं.

"चुकून लागला हुता. तुमी रेटा."

त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं. मग त्यानं रेटलं. ट्रॉली वळली. दिवस केव्हा मावळला हे बहुधा अमृतशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि त्यानं कुणाला दाखवलं नाही.

*

"आता बोला," आबा चिंचेच्या पारावर टेकले. "ट्रॉली अमृतनं आनली. जुंपायचं काय ते बी त्यानंच सांगावं."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. आजवर ठरवायचं काम अमृतकडं आलं की त्याचा अर्थ दोष त्याच्याकडं, एवढाच असायचा. त्यानं तिन्ही गाड्यांकडं बघितलं. किल्लीवर चालू होणारा ट्रॅक्टर. बटणावर चालू होणारी पिकअप. आणि चिंचेला नाक लावून गप्प उभा असलेला आक्काचा ट्रक.

"आक्काचा ट्रक," तो म्हणाला.

"ती चालू व्हत न्हाई!" गोरक्षनाथ म्हणाला.

"होती की, दादा. मघाशी झाली."

"आरं, पन सगळ्यांनी ढकलली तवा!"

"मग सगळ्यांनी ढकलायची."

"काका, पासिंगचं काय? इन्शुरन्स?" पार्थनं विचारलं.

"ते तू बघायचं. नगरला असतोस. ट्रक दादाच्या मळ्यात उभा राहील, जागा तिथंच आहे. आणि मागं घ्यायला जावईबापू शिकतील."

"मी?" जावईबापू म्हणाले.

"बापूंना जमतंयच," सगळे एका सुरात म्हणाले.

लंकाबाई ट्रकपाशी गेली आणि त्याच्या टायरावरची माती पदरानं पुसायला लागली, जशी काही ती माती तिथं शोभत नव्हती. गोरक्षनाथनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा बायकोच्या कमरेच्या फोनकडं, आणि फेटा बांधायला घेतला. औटींच्या घरात याला होकार म्हणतात.

गनीभाईंनी अमृतला खांद्याला धरून बाजूला नेलं. ते खूश होते. "सेल्फचं टेन्शन घेऊ नको. उद्या दुपारपर्यंत दुसरा बसवतो. मग किल्ली फिरवली की चालू, लहान पोर पण नेईल."

"तेच तर नको."

"काय नको?"

"गनीभाई," अमृतनं आवाज खाली आणला, "किल्लीवर चालू झाली, की घरातला कुणीही एकटा घेऊन जाईल."

गनीभाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग चिंचेखालच्या औटींकडं बघितलं. त्यांच्याही घरी तीन भाऊ आणि एकच गॅरेज होतं. ते वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"सेल्फ काही लवकर मिळायचा नाही, बरं का! मिलिटरीचा माल आहे. फार अवघड."

ट्रक घरी न्यायचा म्हणजे पुन्हा ढकलणं आलं. जावईबापू वर बसले, शेजारी आबांना बसवलं. बाकीच्यांनी आधी पुढून रेटून ट्रकचं नाक चिंचेपासून सोडवलं, उताराकडं वळवलं, मग ते मागं गेले आणि ज्याला जिथं जागा मिळाली तिथं त्यानं खांदा लावला.

"भैरोबाच्या नावानं..." आतून आबांचा आवाज आला.

"चांगभलं!"

ट्रक हलला. अमृतच्या शेजारी गोरक्षनाथ होता, धापा टाकत.

"गनी काय म्हनला रं? कदी मिळंन सेल्फ?"

"बघतो म्हणाले."

उतार लागला, वजन हलकं झालं. गोरक्षनाथनं हात काढला नाही.

"घाई न्हाई म्हनावं," तो म्हणाला.